कासवाचं उष्टं

रखमाजी, तू गेलास त्याला तीन आठवडे होऊन गेले आणि मी अजून तुझ्याशी भांडतोच आहे. दाढी करताना एखादा नवा मुद्दा सुचतो आणि वाटतं, आता सापडला हा कचाट्यात, उद्याच शिरूरची गाडी पकडतो. मग तोंडावरचा साबण तसाच ठेवून मी खाली बसतो. बायको विचारते, काय झालं? तिला काय सांगू? वाद घालायला माणूस उरला नाही, एवढंच झालं.

आपला वाद एकच होता आणि तो आपण वीस वर्षं पुरवून पुरवून वापरला. तलावात मत्स्यबीज सोडल्यानं मासा वाढतो की नाही? मी मत्स्यबीज केंद्रातला माणूस. हौदात रोहू-कटल्याची पिल्लं वाढवायची, बोटाएवढी झाली की त्यांना बोटुकली म्हणायचं, प्लास्टिकच्या पिशव्यांत प्राणवायू भरून ती तलावातलावांत नेऊन सोडायची, यातच माझी नोकरी सरली. तू भोयांच्या वस्तीतला, शिरूर कासारच्या अलीकडच्या त्या तलावावर जाळं टाकणारा आणि तिथल्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. मी टाकायचो, तू काढायचास. मी म्हणायचो, मी टाकतो म्हणून तू काढतोस. तू म्हणायचास, "तुमी टाका न्हाईतर नका टाकू, पाऊस झाला की मासा हुतो. बे सायेब, तुमच्या पिशव्यांनी तळं भरत न्हाई."

'तुमी' म्हणून मान द्यायचा आणि त्याच दमात 'बे' लावून तो काढून घ्यायचा, ही तुझी रीत. ऑफिसात कुणी मला 'बे' म्हटलं असतं तर मी लेखी खुलासा मागितला असता. तू म्हणाला नाहीस तर मात्र मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तू ते डोक्यावर घेऊन नाचला असतास.

पहिल्या भेटीतच तू माझं पाणी जोखलंस. आठवतं? भर दुपारी पाहुणे, हारतुरे, फोटो. तलावाच्या भिंतीवर उभं राहून आम्ही पिशव्या फोडल्या, पिल्लं धबाधबा पाण्यात ओतली, टाळ्या झाल्या आणि गाड्या जेवायला वळल्या. तू मागं एकटा उभा होतास. मला हाक मारलीस, "सायेब, या हिकडं जरा." काठाला पांढरी पोटं वर करून पिल्लं तरंगत होती. मी म्हणालो, पिशवीतलं पाणी आणि तलावाचं पाणी एकसारखं व्हायला वेळ द्यावा लागतो, पिशवी आधी पाण्यात तरंगत ठेवावी लागते. तू म्हणालास, "तुमाला ठावं हाय ना? मग कावून ओतलं?"

मी म्हणालो, "पाहुण्यांना जेवायची घाई होती."

तू हसला नाहीस, रागावलाही नाहीस. उपरण्यात ती पिल्लं गोळा करायला लागलास. त्यानंतर मी तुझ्या तलावावर कधी पाहुणे आणले नाहीत. उन्हं वर यायच्या आत स्वतः येत गेलो, पिशव्या पाण्यावर ठेवून तुझ्याशेजारी बसत गेलो. आपली मैत्री त्या बसण्यातली. पिशवी तरंगतेय तोवर बोलायला विषय हवा, म्हणून वाद.

केजकडून बी आणत होतो आणि मांजरसुंब्याला टेम्पोचं चाक पंक्चर झालं, तो दिवस मला फार आठवतो. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. पिशव्या तापल्या तर सगळं बी गेलं असतं. "तुमच्या बियानं काय होत न्हाई" असं येताना वाटभर ऐकवणारा तू ढाब्यावरून बर्फाची लादी उचलून आणलीस, फोडून पिशव्यांभोवती लावलीस आणि डोक्याचं मुंडासं सोडून त्यांच्यावर धरून उभा राहिलास. तासभर. ढाबेवाला चहा घेऊन आला तर म्हणालास, "थांबा, लेकरं हायेत ह्यात." मी म्हणालो, "वाढत नाहीत ना माझी पोरं? मग कशाला एवढा जीव काढतोस?" तू म्हणालास, "वाढत न्हाईत म्हून मारायची का बे?"

हे असं तोडून टाकणारं उत्तर तुला सुचायचं आणि मला तीन दिवसांनी त्याचं प्रत्युत्तर सुचायचं. आता ती प्रत्युत्तरं माझ्याकडे नुसतीच पडून आहेत.

तुझं म्हणणं काय होतं ते मला पुरतं कळत होतं, रखमाजी. कळत नाही असं मी दाखवायचो. तू म्हणायचास, बोटाएवढं पिल्लू भिंतीशी सोडलं की तिथल्या खोल पाण्यातले मरळ त्याला गिळतात, बगळे टिपतात. नाल्याच्या तोंडाशी, उथळ पाण्यात जाळ्याचं कुंपण करा, पिल्लं तिथं वीतभर होऊ द्या, मग सोडा. थोडी सोडा पण जगतील अशी सोडा. मी म्हणायचो, शासनाच्या नियमात बोटुकली आहे, वीतुकली नाही. खरी गोष्ट अशी की बोटुकली मोजून टाकली की आमचं काम कागदावर पूर्ण व्हायचं. ती पुढं जगली का, हे विचारणारा रकाना आमच्या कागदात नव्हता. तो रकाना तू होतास, म्हणून मला तुझा राग यायचा.

आणि तुझ्या वादात मासा निमित्तालाच होता. खरा वाद दत्ताचा होता, तेही मला ठाऊक होतं. तुझा मुलगा आणि सून दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे, ते सहा महिन्यांनी परत. घरी तू आणि गयाबाई. तलावात मासा चांगला झाला असता तर दत्ता घरी राहिला असता. एका वर्षी मी तुला छाती ठोकून सांगितलं होतं, "या साली मुबलक बी टाकलंय, दत्ताला जाऊ देऊ नकोस." तू माझा शब्द मानलास. दत्तानं मुकादमाला नाही म्हणून कळवलं. आणि त्या साली तुमच्या जाळ्यात चिलापीसारखा हलका मासा आणि झिंगे यांशिवाय फारसं काही आलं नाही. निम्मा हंगाम गेल्यावर दत्ता बायको-लेकरांना घेऊन ओळख ना पाळख अशा टोळीबरोबर लांब कर्नाटकात गेला. धाकट्या नातीला पहिला दात आला तो तुम्ही दोघांनी पाहिला नाही.

तू मला एका शब्दानं बोलला नाहीस. पण त्यानंतर "तुमचं बी परत येत न्हाई" हे तू म्हणायला लागलास की त्यात थट्टा कमी आणि जखम जास्त असायची. मी तेव्हा तुझी माफी मागायला हवी होती. त्याऐवजी मी पाऊस कमी झाल्याचं कारण सांगितलं. पाऊस होणं न होणं हा तर तुझा मुद्दा होता!

म्हणून निवृत्तीच्या वर्षी मी ठरवलं, सोक्षमोक्ष लावायचा. रोहू साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाही, तेव्हा तुझ्या जाळ्यात येणारा रोहू कुठल्या तरी हौदातला असणार, एवढं तूही मानायचास. पण तू म्हणायचास, तो वरच्या तलावाच्या सांडव्यातून वाहत येतो, तुमचा नव्हं. मग खूण हवी. मी चांगली मोठी बोटुकली निवडली, नखं कापायची बारीक कात्री घेतली आणि प्रत्येकीच्या पोटाखालच्या पंखासारख्या दोन परांपैकी डावा पर मुळाशी कापला. मुळाशी कापला की तो पुन्हा उगवत नाही. तीन दिवस काठावर बसून हेच केलं. तू एकदा आलास, कात्री पाहिलीस आणि पाठ फिरवलीस. "मुक्या जिवाचं आंग कापता व्हय? मला नका दाखवू."

मी ओरडून सांगितलं, "डावा पर! डावा पर नसलेला मासा आला की तो माझा. ध्यानात ठेव!"

तू पाठमोराच हात वर केलास. ध्यानात ठेवलंस.

तीन वर्षं मी वाट पाहिली. पेन्शनर माणूस, दुसरं काम काय? महिन्या-दोन महिन्यांनी शिरूरची गाडी धरायची, काठावर यायचं, विचारायचं, "आला का?" तू म्हणायचास, "न्हाई. येक बी न्हाई." मग तुझ्या घरी जेवण. गयाबाईंच्या हातचा काळ्या मसाल्याचा रस्सा, ज्वारीची भाकरी, कांदा. मी बोटं चाटत जेवायचो आणि जेवता जेवता आपण त्याच विषयावर भांडायचो. गयाबाई म्हणायच्या, "आदी खावा तर! काटा लागंल नरड्यात."

शेवटची भेट मात्र आपली बरी झाली नाही. आषाढ सरत आला होता. तू पुन्हा म्हणालास, "सायेब, नाद सोडा आता. तुमचं बी परत येत न्हाई." कुठून माझ्या तोंडी आलं कोण जाणे. मी म्हणालो, "येत नाही कसं? तू बघतच नाहीस. तुला बघायचंच नाही, कारण मग दत्ताचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडणार?"

तू जाळं खांद्यावर टाकलंस आणि घराकडे चालू लागलास. जेवायला चला म्हणाला नाहीस. वीस वर्षांत पहिल्यांदा मी तुझ्या तलावावरून उपाशी परतलो. गाडीत म्हणत होतो, पुढच्या वेळी सांगू काहीतरी गोड बोलून. पुढची वेळ कुणी पाहिली आहे? दहा-बारा दिवसांनी दत्ताचा फोन आला. जाळं धूत असताना छातीत कळ आली आणि तू काठावरच बसलास, तो उठला नाहीस.

मातीला मी पोचलो, पण तुझ्या तोंडाकडे मला नीट बघवलं नाही. तू बघतच नाहीस, असं ज्याला म्हणालो त्याचे डोळे मिटलेले होते.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो. तुझे विधी उरकले होते, दुखवटा फिटला होता, दत्तानं जाळं टाकायला सुरुवात केली होती. पोटाला थांबता येत नाही. गयाबाई अंगणात पाटीतला मासा निवडत बसल्या होत्या. मला बघून पदर सावरला, रडल्या, मीही रडलो, मग त्या पुन्हा निवडायला लागल्या. एक चांगला दोन-अडीच किलोचा रोहू त्यांनी पाटीतून उचलला आणि बाजूला पळसाच्या पानावर ठेवला. नुसतंच विचारायचं म्हणून मी विचारलं, "हा वेगळा का?"

"त्यो उष्टा हाय."

"उष्टा म्हणजे?"

"कासवानं खाल्ल्याला. येक पंख न्हाई बघा त्याला. आमच्यात असला मासा इकत न्हाईत. आपलं म्हना का कासवाचं म्हना, उष्टं ते उष्टं. गिऱ्हाइकाला कसं द्यावं? घरात खायाचा."

रखमाजी, मी त्या पानाजवळ खाली बसलो. मी म्हणालो, "कुठला पंख नाही?"

त्यांनी मासा उचलला. तू उचलायचास तसाच, शेपटीशी धरून, पोट वर आणि तोंड आपल्यापासून लांब, पलीकडे. तू मला एकदा सांगितलं होतंस, मासा जाळ्यातून काढताना त्याचं तोंड पाण्याकडं ठेवायचं, म्हणजे त्याला वाटतं आपण घरीच चाललोय, तो तडफडत नाही. तसा धरून त्यांनी दाखवलं. "ह्यो बघा. उजवा."

मी तो त्यांच्या हातातून घेतला. मी पिल्लू धरायचो ते टेबलावर, पोट वर, पण डोकं माझ्याकडे. मासा फिरवून तसा धरला. उजवा पर डावा झाला. मुळाशी, कात्रीनं कापल्यासारखा साफ कापलेला, वर गुळगुळीत कातडी आलेली. कासवाचा चावा एवढा नेटका नसतो.

"असे कितीसे आले आजवर?" मी विचारलं.

"आता कुनी मोजलं? येत्यात मदूनमदून. ह्यांनी बाजूला काडायचे, म्हनायचे, ऱ्हाऊ दे, सायेब येनार हाय. तुमी यायचे तवा त्योच असायचा की रश्श्यात."

घ्या! तीन वर्षं मी तुला विचारत होतो, माझा मासा आला का, आणि तुझ्या घरी बसून तोच खात होतो. तू प्रामाणिकपणे डावा पर बघत होतास. प्रत्येक माशाचा बघत होतास. डावा जागेवर दिसायचा, उजवा नसायचा, म्हणजे कासव. तुझ्या हातात तुझं डावं होतं, माझ्या हातात माझं. सरकारी नोकरीत जन्म गेला, हजार ठिकाणी खुणा केल्या, पण 'कुणाच्या डाव्या हाताला' एवढं एक वाक्य सांगायचं मला सुचलं नाही. तू कात्री बघवेना म्हणून पाठ फिरवली होतीस. तुझ्या पाठीला मी 'डावा' म्हणून ओरडलो आणि पुन्हा कात्री चालवायला लागलो.

तू बघत होतास, रखमाजी. मी जे बोललो ते खोटं होतं आणि ते तुझ्या कानांवर पडलेलं माझं शेवटचं वाक्य आहे. माफी कुठं ठेवू, सांग.

गयाबाईंना सगळं समजावून सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. मला वाटलं रडतायत. बघतो तर हसू आवरत नव्हतं. "आगं बया! आन दरयेळी भांडायचे की वो तुमी दोगं, हातात त्योच मासा धरून!" मग तो मासा माझ्या हातातून घेऊन परत पानावर ठेवला. म्हणाल्या, "ह्यांना कळाया पायजे हुतं. लई हसले असते."

एका क्षणी मला वाटलं, जिंकलो. बी परत येतं! मग परतीच्या गाडीत तुझा आवाज ऐकू यायला लागला. किती आले सायेब? एका घराच्या रश्श्याला पुरले तेवढे. टाकले किती? तीन दिवस कात्री चालवली तेवढे. आणि ती तर निवडक, मोठी बोटुकली होती. बाकीच्या वर्षांच्या बारक्यांचं काय झालं असेल? याचं उत्तर मला तीन दिवसांनीही सुचलं नाही. परत येतात, पण जेवढे मी सांगत होतो तेवढे नाहीत. त्यांच्या जोरावर दत्ताला घरी थांबवावं इतके तर नाहीतच. तू म्हणत होतास तेच करायला हवं होतं, कुंपण, उथळ पाणी, वीतभर. मी वीस वर्षं तुझं ऐकलं असतं तर काय झालं असतं, हे मला मोजता येत नाही आणि ते मोजायचं धाडसही नाही.

काल सोसायटीची बैठक होती, यंदाच्या बियाची. मी आगंतुक म्हणून मागं बसलो होतो. दत्ता म्हणाला, "सायबांना बोलू द्या." मी उभा राहिलो आणि डाव्या-उजव्याची सगळी गोष्ट सांगितली. चूक माझी, असं स्पष्ट सांगितलं. लोक पोट धरून हसले. कुणीतरी म्हणालं, "सायबानं परयोगच खाल्ला की बे!" हसू द्या. मग मी म्हणालो, बी घ्या, पण भिंतीशी ओतू नका. नाल्याच्या तोंडाशी जाळ्याचं कुंपण करा, वीतभर होईपर्यंत सांभाळा. ही सूचना माझी नाही, रखमाजीची आहे, आणि ती मी आजवर अडवून धरली.

सेक्रेटरीनं ठराव लिहायला घेतला. सूचक म्हणून कुणाचं नाव घालू, विचारलं. मी म्हणालो, रखमाजीचं. तो अवघडला. गेलेल्या माणसाचं नाव सूचक म्हणून चालत नाही, ऑडिटला अडतं. खरं होतं, हे नियम मीच या लोकांना शिकवले. तेवढ्यात मागून गयाबाई उठल्या. तुझ्या जागी त्यांचं सभासदत्व झालंय, तुला माहीत नसेल. म्हणाल्या, "माजं लिवा." सेक्रेटरीनं एकेक अक्षर मोठ्यानं वाचत लिहिलं, सूचक, गयाबाई रखमाजी. पुढचं आडनाव मला ऐकू आलं नाही.

मग त्यानं मतं घेतली. सगळे हात वर गेले, दत्ताचाही. मी सभासद नाही, माझा हात मोजला जात नाही, मला मत नाही. मी हात वर केला. सेक्रेटरी मोजून वहीत मान घालून बसला, सगळ्यांचे हात खाली आले. माझा मी बराच वेळ वरच ठेवला.